आंबूस नाकाला, आंबट जिभेला: पिपात मुरलेली बिअर चाखताना

ओकच्या पिपात दोन वर्षं मुरलेल्या एका तांबूस, आंबट एल जातीच्या बिअरचा ग्लास संपवला तेव्हा माझ्या वहीत एवढंच होतं: "व्हिनेगर, पण लांबून. चामडं. कुबट लाकूड. मग एकदम आंबट. तुरट. चेरी. साखर नाही. गिळल्यावरही बराच वेळ जात नाही."

असं टिपण वाचून लोक हसतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. बिअरमध्ये चामडं कुठून येणार? चाखणाऱ्यांना कविता करायची हौस असते अशी शंका येते, आणि काहींना ती असतेही. पण या जातीच्या बिअरपुरते तरी हे शब्द हजेरीपटासारखे वाचता येतात. प्रत्येक शब्दामागे कुणीतरी आहे: एखादं यीस्ट, एखादा जिवाणू, लाकडातून उतरलेला एखादा पदार्थ, नाहीतर फटीतून शिरलेली हवा. कोण आत होतं, किती काळ होतं आणि काय करून गेलं, हे चवीवरून बऱ्यापैकी ओळखता येतं. माझ्या यादीतलं एक नाव बोगस निघालं, त्याच्याकडे येऊच.

नेहमीच्या बिअरमध्ये काम करणारा गडी एकच असतो, सॅक्रोमायसिस नावाचं यीस्ट. माल्टमधली, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातली, साखर खायची, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि काही दिवसांत मोकळं व्हायचं. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सन यांनी यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध यीस्ट वाढवलं. तेव्हापासून बिअर बनवणाऱ्यांची निम्मी मेहनत बाकीच्या सूक्ष्मजीवांना बाहेर ठेवण्यात जाते. पिपातली आंबट बिअर करणारा मात्र दार उघडं ठेवतो.

उघड्या दारातून सगळे एकदम कामाला लागत नाहीत. सुरुवातीचे आठवडे सॅक्रोमायसिसचे. सोपी साखर ते फस्त करतं, आणि मागे उरतात त्याला न पचणाऱ्या लांब साखळीच्या साखरा. मग लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू पुढे येतात. त्यातला लॅक्टोबॅसिलस आपल्या ओळखीचा, दुधाचं दही करणाऱ्यांच्या गोतावळ्यातला. त्याचा भाऊबंद पेडिओकॉकस संथ पण चिवट, महिनोन्‌महिने आम्ल साठवत राहतो. मधल्या काळात तो कधीकधी अशी काही चिकट द्रव्यं सोडतो की बिअर तार धरते आणि पिपातून तेलासारखी ओघळते. बनवणारे म्हणतात, बिअर आजारी पडली. औषध एकच, थांबणं. कारण तोवर ब्रेटानोमायसिस जागं झालेलं असतं. लाडाने सगळे त्याला ब्रेट म्हणतात. हे दुसरं यीस्ट तो चिकटा तोडतं, उरलेल्या लांब साखरा खातं, आणि त्याच्या काही जाती तर लाकडातल्या सेलोबायोज या साखरेवरही गुजराण करतात.

ब्रेटच्या शोधात एक गंमत आहे. १९०४ मध्ये नील्स येल्टे क्लाउसन यांनी इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरमधून ते वेगळं काढलं आणि नाव ठेवलं 'ब्रिटिश बुरशी' अशा अर्थाचं. क्लाउसन स्वतः कार्ल्सबर्गचेच. ज्या घराने शुद्ध यीस्टचा कित्ता जगाला घालून दिला, त्याच घरच्या माणसाने एकवीस वर्षांनी सांगितलं की त्या इंग्लिश बिअरची खरी चव या दुसऱ्याच यीस्टमुळे येते.

आता ग्लासकडे. ही बिअर फ्रिजमधून काढल्या काढल्या प्यायली तर अर्धी वाया जाते. थंडीत गंधाचे रेणू उडत नाहीत, आणि इथे निम्मा मजकूर गंधातच लिहिलेला असतो. साधारण ८ ते १२ अंश सेल्सिअस बरं. ग्लास वर थोडा मिटणारा असला की वास आत साठतो. ओतल्यावर फेस उसळतो, फुसफुसतो आणि बघता बघता विरतो. यात बाटलीचा दोष नसतो. फेस तोलून धरणारी प्रथिनं इतक्या महिन्यांच्या मुक्कामात तुटलेली असतात, आणि आम्लही त्यांना साथ देत नाही. नेहमीच्या बिअरला मी फेसावरून गुण देतो, हिला देत नाही.

पहिला घोट घेण्याआधी ग्लास नाकाशी न्या. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही आहे, आणि मराठी माणसाला ती समजायला सोपी जावी. कारण आपल्याकडे दोन शब्द आहेत. जिभेला लागतं ते आंबट, आणि नाकाला येतो तो आंबूस. आंबूस चव क्वचितच कुणी म्हणतं, बहुधा वासच आंबूस असतो. रसायनशास्त्रात ही फोड तशीच्या तशी सापडते. लॅक्टिक आम्ल सहजी उडत नाही, त्यामुळे त्याला जवळपास वासच नाही. ग्लासभर लॅक्टिक आम्ल असलं तरी नाकाला पत्ता लागत नाही, जीभ बुडेपर्यंत. अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, मात्र चटकन उडतं आणि जिभेच्या कितीतरी आधी नाकात पोचतं.

म्हणून ओठ न लावताच एक परीक्षा होते. वास आंबूस आला तर आत अ‍ॅसेटिक आम्ल आहे. वासात आंबूसपणाचा मागमूस नाही आणि घोट घेताच तोंड वाकडं झालं, तर लॅक्टिकचं राज्य आहे. माझ्या टिपणात 'व्हिनेगर, पण लांबून' असं आहे, म्हणजे दोन्ही आहेत आणि अ‍ॅसेटिक मर्यादेत आहे.

मर्यादा कोण घालतं? हवा. अ‍ॅसेटिक आम्ल बनवणाऱ्या अ‍ॅसेटोबॅक्टरचं प्राणवायूवाचून पान हलत नाही, आणि भरपूर हवा मिळाली तर ब्रेटही हे आम्ल बनवतं. ओकचं पीप पाण्याला दाद देत नाही, पण हवेला थोडी देतं: फळ्यांच्या सांध्यांतून, झाकणाभोवतून, आणि मुख्य म्हणजे आतली बिअर हळूहळू उडून वर पोकळी झाली की तिथून. पीप जितकं लहान, तितकी दर लिटर बिअरमागे लाकडाची भिंत जास्त आणि हवाही जास्त. वाइनचं नेहमीचं बोर्दो पीप २२५ लिटरचं असतं. त्याच्यासमोर बेल्जियमच्या पश्चिम फ्लँडर्समधल्या रूसलारे गावी रोडेनबाख या १८२१ पासूनच्या ब्रुअरीत ओकचे उभे हौद आहेत, जवळपास तीनशे, आणि त्यांतल्या मोठ्यांत हजारो लिटर बिअर मावते. तांबूस आंबट एलचा फ्लँडर्सचा नमुना जगाला मुख्यतः तिथूनच माहीत झाला. हौद मोठा असला की हवा बेतानेच येते आणि व्हिनेगर लांबूनच हाक मारतं.

हवा जास्त झाली की नुसतं व्हिनेगर वाढून भागत नाही. अ‍ॅसेटिक आम्ल आणि अल्कोहोल यांच्या जोडीतून इथाइल अ‍ॅसिटेट तयार होतं. अगदी थोडं असेल तर ते फळासारखं वाटतं, जास्त झालं की नेलपॉलिश पुसायच्या द्रवाचा भपका येतो. तो भपका ओळखायला एकदा शिकलात की विसरणार नाही. काहीजण त्याला 'रांगडेपणा' म्हणून खपवतात. मला तो हलगर्जीपणा वाटतो.

आता घोट. आंबटपणा ओळखणं म्हणजे मुळात हायड्रोजनचे आयन ओळखणं. जिभेवरच्या काही पेशींत हे आयन आत सोडणारं एक दार असतं. ओटॉप-१ नावाचं हे प्रथिन २०१८-१९ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी नक्की केलं. आंबटपणा पीएचमध्ये मोजतात, आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त. साधी बिअर ४ ते ४.५ च्या आसपास, अशी आंबट बिअर ३ ते ३.५ च्या आसपास, लिंबाचा रस २ ते २.५. आकडे जवळजवळ दिसतात पण फसवे आहेत: एक पूर्ण अंक खाली म्हणजे आयन दहापट.

तरीही नुसता पीएच पाहून बिअर किती आंबट लागेल हे सांगता येत नाही. लॅक्टिक आणि अ‍ॅसेटिक ही दोन्ही दुबळी आम्लं. त्यांचे बरेच रेणू अखंडच असतात, आयन न सोडता. असे अखंड रेणू पेशीच्या आत शिरतात आणि तिथे फुटतात. शिवाय लाळेने थोडं आम्ल मारलं की राखीव रेणू फुटून जागा भरून काढतात. म्हणून तोच पीएच असलेल्या तीव्र खनिज आम्लापेक्षा दुबळं आम्ल जास्त आंबट लागतं, आणि जास्त वेळ टिकतं. माझ्या वहीतलं 'बराच वेळ जात नाही' हे बरंचसं या राखीव फौजेचं काम.

दोन आम्लं तोंडात वागतातही वेगळी. लॅक्टिक गोलसर, दह्याच्या वळणाचं. अ‍ॅसेटिक टोकदार, घशाशी खरखरणारं, श्वास घेतला की नाकात झिणझिणणारं. त्यात कार्बन डायऑक्साइडची चुणचुण मिसळली की पहिला घोट नेहमीच अतिरेकी वाटतो. त्याच्यावरून मत बनवू नका. लाळ सुटते, जीभ सरावते, आणि तिसऱ्या घोटाला आंबटपणामागे उभे असलेले दिसायला लागतात. मात्र चौथ्या-पाचव्या ग्लासाला जीभ इतकी दमते की काहीच दिसत नाही. आंबट बिअरच्या लांबलचक स्पर्धांचे निकाल मी म्हणूनच फार मनावर घेत नाही.

इतक्या आम्लाला आवर घालायचा जुना उपाय म्हणजे मिश्रण. रोडेनबाखची ग्राँ क्रू ही बिअर करताना दोन वर्षं हौदात राहिलेली दोन भाग घेतात आणि ताजी एक भाग. ब्रसेल्सच्या नैऋत्येला झेने नदीच्या खोऱ्यात लाम्बिक बनते. तिच्यात बाहेरून यीस्ट घालतच नाहीत. माल्टचं उकळलेलं गोड पाणी थंडीच्या महिन्यांत उथळ, पसरट हौदात रात्रभर उघडं ठेवतात आणि हवेतलं, इमारतीतलं, लाकडातलं जे येईल ते येऊ देतात. तिथे एक, दोन आणि तीन वर्षांची लाम्बिक एकत्र करून बाटलीत भरली की ती गझ होते. तरुण बिअरमध्ये साखर शिल्लक असते, तिच्यावर बाटलीत फेस धरतो, आणि म्हातारी बिअर खोली आणते. शेजारशेजारची दोन पिपं, एकाच दिवशी भरलेली, दोन वर्षांनी निराळी निघतात. मिश्रण करणारा प्रत्येक पीप चाखून ठरवतो की कोण कुणाबरोबर जाईल. बिअर बनवण्याइतकंच हे काम अवघड आहे. त्याचं श्रेय क्वचितच कुणी देतं.

चामड्याकडे वळू. हा ब्रेटचा अंगठा. माल्टमध्ये कुमारिक आम्ल असतं. त्याचं आधी एक मधलं संयुग आणि मग ब्रेटच्या हातून चार-इथाइल फिनॉल होतं. त्याचा वास चामड्याचा, तबेल्याचा, घोड्याच्या खोगिराखाली घामेजलेल्या कापडाचा, आणि जास्त झाला तर जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचा. त्याचाच भाऊ चार-इथाइल ग्वायाकॉल लवंगेच्या आणि धुराच्या बाजूला झुकतो. त्यात आयसोव्हॅलरिक आम्ल आलं की जुन्या चीजचा खवट दर्प. वर्णन वाचून ग्लास दूर सारावासा वाटेल. वाइनमध्ये याच वासांना बहुतेक जण दोष मानतात. पण तेच ब्रेट एस्टरही बनवतं, ज्यांचा वास अननसासारखा असतो. दोन्ही एकत्र आले की तबेल्याच्या दारात पिकलेलं फळ ठेवल्यासारखं होतं, आणि मला ते कमालीचं आवडतं. आवडत नसेल त्याच्याशी वाद नाही.

एक व्यावहारिक गोष्ट: फिनॉलच्या वासाला नाक भराभर सरावतं. दोन मिनिटांनी चामडं येईनासं झालं तर ते गेलेलं नसतं, तुम्ही बधिर झालेले असता. ग्लास बाजूला ठेवा, स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, परत या.

लाकडाबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो. पिपात मुरलेली म्हटलं की व्हॅनिला आणि नारळ शोधायला लागतात. नव्या ओकमध्ये ते असतातच: व्हॅनिलिन खरोखर लाकडातून उतरतं, आणि अमेरिकन ओकमध्ये नारळाच्या वासाचे लॅक्टोन विशेष. अमेरिकेच्या नियमानुसार बरबन व्हिस्कीला नवं, आतून जाळून काळं केलेलं ओकचं भांडं लागतं, म्हणून एकदा वापरलेली पिपं तिथून बाहेर पडतात आणि बिअरवाल्यांच्या हाती येतात. पण आंबट बिअरची पिपं बहुधा पुन्हापुन्हा भरलेली असतात. दोन-चार खेपांनंतर लाकडाकडे देण्यासारखं फारसं उरत नाही. मग पीप कशाला? घर म्हणून. लाकडाच्या छिद्रांत काही मिलिमीटर खोलवर सूक्ष्मजीव वस्ती करून राहतात, आणि पुढच्या खेपेला तेच आयतं विरजण ठरतं. माझ्या ग्लासात व्हॅनिला औषधालाही नव्हता. कुबट, दमट तळघराचा वास होता. पीप जुनं होतं, यावर मी पैज लावली असती.

तरी लाकूड एक काम करत राहतं: टॅनिन. हे आणि माल्टच्या टरफलातलं टॅनिन मिळून तुरटपणा आणतात. सहा रसांत आपण तुरटाला चवीचा मान दिलेला आहे. जीवशास्त्र मात्र त्याला स्पर्श म्हणतं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि गाल आतून खरखरीत होतात. पडताळायचं असेल तर घोट गिळून जीभ गालांच्या आतल्या बाजूने फिरवा. आंबटामुळे पाणी सुटतं, तुरटामुळे कोरड पडते. दोन्ही एकाच वेळी झालं तर लाकडाची हजेरी लागली.

'साखर नाही' हे ब्रेटच्या भुकेचं फळ. वास गोड फळांचा आणि घोट ठणठणीत कोरडा, या विसंगतीतच निम्मी मजा. कडूपणाही जेमतेम असतो, कारण हॉप्समधली, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांमधली, कडू आम्लं लॅक्टिक जिवाणूंना वाढू देत नाहीत. कडू आणि आंबट एकमेकांना तोंडातही शोभत नाहीत, पण त्याआधी पिपातच त्यांचं जमत नाही.

झटपट आंबवलेली बिअर यावरून लगेच ओळखू येते. त्यात लॅक्टोबॅसिलस घालून एक-दोन दिवसांत आम्ल तयार करतात, मग उकळून त्याला मारतात आणि पुढे साध्या यीस्टवर सोपवतात. आंबट असते, स्वच्छ असते, उन्हात बरी लागते. पण हजेरीपटावर दोनच नावं. आंबूस नाही, चामडं नाही, तुरट नाही, आणि घोट गिळला की गोष्ट संपली. वाईट नव्हे, फक्त तिला पिपातलीच्या भावात विकू नये.

एक दोष मात्र नाक कधीच पकडत नाही. घोट गिळून दहा-वीस सेकंद झाली की घशाच्या मागून उंदराच्या पिंजऱ्याचा किंवा शिळ्या, ओलसर बिस्किटाचा वास वर येतो. टेट्राहायड्रोपिरिडिन नावाची संयुगं याला जबाबदार. आंबट बिअरमध्ये ती आयन होऊन अडकलेली असतात, उडत नाहीत. तोंडात लाळेने आम्ल कमी केलं की सुटतात. म्हणून ग्लास हुंगून पास केलेली बाटली गिळल्यावर नापास होते. आणि काही लोकांना ती मुळीच जाणवत नाही. मागे एका बाटलीवर मी तोंड वाकडं केलं तेव्हा समोरची मैत्रीण शांतपणे दुसरा ग्लास भरत होती. बिअर थोडे महिने तशीच ठेवली तर हा दोष बऱ्याचदा आपोआप ओसरतो.

राहिली चेरी. बेल्जियममध्ये लाम्बिकमध्ये खरोखर चेरी घालून क्रीक करतात. पण माझ्या बाटलीत फळ नव्हतं, लेबलवर तसं स्पष्ट होतं. मग कुठून आली? एस्टर काही अंशी, भाजलेल्या माल्टमधला सुक्या फळासारखा गोडसर वास काही अंशी. पण मला संशय रंगाचा होता. फ्रान्समधल्या बोर्दोला वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना एकदा पांढरी वाइन बिनवासाचा लाल रंग घालून दिली होती, आणि त्यांनी तिचं वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केलं. हा प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला.

बाटलीत शेवटचा ग्लासभर उरली होती. ती मी झाकणाच्या अपारदर्शक कपात ओतली, डोळे मिटले आणि मैत्रिणीला कप हातात द्यायला सांगितला. एव्हाना बिअर बरीच कोमट झाली होती. व्हिनेगर जवळ आलं होतं, चामडं जागच्या जागी होतं, गाल खरखरले. चेरीची मी वाट पाहिली. आलं ते सुकवलेलं आलुबुखार, थोडं भाजकं, बरंचसं तपकिरी. वहीत चेरीवर काट मारली आणि शेजारी तेच लिहिलं.